मात्रा गेली, काना आला

"तिले येते जी सगळं, पण तिच्या तोंडातून काढाचं कोनं?"

मी वर्गाबाहेर बाटलीत पाणी भरत होते आणि आत माझी मैत्रीण मॅडमना हे सांगत होती. मॅडम हसल्या. म्हणाल्या, "उद्या दोघींचंही ऐकते, मग ठरवते."

ठरवायचं होतं ते हे, की अमरावतीच्या सेमिनारला कोण बोलणार. आमच्या यवतमाळच्या कॉलेजातून एकीलाच पाठवणार होते. पेशीत जनुकाची आरएनए प्रत निघते आणि मग त्या प्रतीवर काटछाट होते, दुरुस्ती होते, हा विषय. बी.एस्सी.च्या तीन वर्षांत मला इतकं दुसरं काहीच आवडलं नव्हतं. मला जायचं होतं. हे मी कुणाला सांगितलं नाही. तिने पहिल्याच दिवशी हात वर करून "मॅडम, मी जातो" म्हणून टाकलं.

ती राळेगावकडच्या एका खेड्यातून रोज एसटीने येते. कॉलेजात पोचेपर्यंत अर्ध्या बसशी तिचं बोलून झालेलं असतं. उशीर झाला तरी मॅडम तिला रागावत नाहीत, "आली का बाई?" म्हणतात. मी कधी उशिरा येत नाही, त्यामुळे मला कधी कुणी काही म्हणत नाही. ती मराठी शाळेतली, मी केजीपासून इंग्लिश मीडियमची. विषयाची पुस्तकं सगळी इंग्रजीत. निदान एवढं तरी माझं असेल असं मला वाटलं होतं.

तेही राहिलं नाही. प्रतीतले कामाचे तुकडे ते एक्झॉन, बिनकामाचे मधले तुकडे ते इंट्रॉन. पेशी इंट्रॉन काढून टाकते आणि एक्झॉन एकमेकांना जोडते. मी मात्र लायब्ररीत तिला उलटं समजावलं. "इन म्हणजे आत राहणारे, एक्स म्हणजे बाहेर जाणारे. नावातच आहे." टॉकीजच्या दारावरचा लाल एक्झिट माझ्या डोळ्यांसमोर होता. तिला दोन्ही नावं सारखीच परकी, म्हणून तिने ती जशीच्या तशी पाठ केली होती.

"अवो उलटं आहे ना बाप्पा! एक्झॉन राह्यते, इंट्रॉन जाते. तुयं इंग्लिशच तुले नडते!"

दुपारपर्यंत कँटीनमध्ये सगळ्यांना हे माहीत झालं. तिने ते माझ्या खांद्यावर हात टाकून, अगदी लाडाने सांगितलं. लाडाने सांगितलं म्हणून मला रागावताही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती आधी उभी राहिली. फळ्याकडे गेलीच नाही. तिने गळ्यातली ओढणी काढली आणि दोन्ही हातांत ताणून धरली. "हे आपली कच्ची प्रत." मग मधला भाग चिमटीत धरून खाली सोडला, त्याचा फास झाला. "बैलाच्या दाव्याले असते तसा फास. हा इंट्रॉन. हा कापून फेकला, हे दोन टोकं जोडले." तिने तिथे गाठ मारली. "ओढणी आखूड झाली, पण कामाची झाली. अन् गाठ दुसरीकडं मारली, तर त्याच ओढणीतून दुसरीच वस्तू निघते."

पोरींनी बाक वाजवले. मॅडमचा चेहरा मी पाहत होते. माझ्याकडे बघून त्यांचा चेहरा असा कधीच झाला नव्हता. ओढणी माझ्याही गळ्यात होती. रोज असते. मला ती कधी आरएनएसारखी का दिसली नाही?

"आणि एडिटिंग, म्हणजे प्रतीची दुरुस्ती?" मॅडमनी विचारलं.

"तेबी तसंच जी. अजून थोडं कापतेत."

चुकलं. मला आनंदच झाला. कापत नाहीत तिथे. पुस्तकातलंच उदाहरण: यकृतात आणि आतड्यात जनुक एकच असतं. आतड्यात त्याच्या प्रतीतलं एक अक्षर बदलतं, सीचं यू होतं, आणि त्या जागी 'इथे थांब' असा निरोप तयार होतो. यकृतात लांबलचक प्रथिन बनतं, आतड्यात ते अर्ध्यावरच थांबतं.

मॅडमनी मला खुणावलं. मी उभी राहिले. "गुड मॉर्निंग, टुडे आय विल..." म्हटलं आणि पुढचं आलंच नाही. नेहमीचंच. माझं वाक्य मनात आधी इंग्रजीत होतं, मग मराठीत, मग मी त्यातलं काय काय बदलते, आणि तोवर बोलायची वेळ निघून जाते. माझं आजोळ पुसदचं. लहानपणी तिथून परत आले, की मी 'मले पाणी दे' म्हणायची. आई पेला हातात धरून ठेवायची. "मले नाही, मला." बाबांच्या ऑफिसातल्या बायका घरी आलेल्या असल्या, तर नुसतं माझ्याकडे बघायची. मात्रा गेली, काना आला. तेवढाच बदल. पण त्यानंतर पाहुण्यांसमोर मी पाणी मागणंच सोडलं.

"बस, राहू दे," मॅडम मायेने म्हणाल्या. त्यांनी पर्स उचलली. "मग अमरावतीला हिलाच..."

ती ओढणीची गाठ सोडवत होती. तिने दातांत ओठ धरून माझ्याकडे पाहिलं. "बोल ना वो," ती हळूच म्हणाली, "येते ना तुले."

तिचं ते हळूच म्हणणंही किती सहज होतं. तिचा आवाज, तिचा 'वो', तिची चुकीची माहितीसुद्धा मला हवी होती, कारण ती चूक तिने न घाबरता केली होती. मी बसले नाही. या वेळी वाक्य तपासायला वेळच नव्हता.

"नाही मॅडम, तिथं काही कापत नाहीत. एकच अक्षर बदलते. मले सांगू द्या."