वारा का तेल

अरबी समुद्रात तेल सांडलं ते मी, नेकनूरच्या बसस्टँडसमोर खताच्या दुकानावरच्या खोलीत बसून.

नोकरीचा पहिलाच आठवडा. उपग्रहानं काढलेली समुद्राची चित्रं पुण्याची कंपनी पाठवायची, आणि तेलाचा तवंग शोधून त्याच्याभोवती रेघ मारायची हे माझं काम. रडारची चित्रं, रात्र असो की ढग, निघायचीच. त्यात लाटांचं पाणी करडं, जहाज म्हणजे पांढरा ठिपका, आणि तेलानं लाटा दाबल्या की तिथं काळं. मला एक भलंमोठं काळं सापडलं. रेघ मारली आणि दाखवायला माणूस शोधत खिडकीत गेलो. खालून हरिबातात्या शेळ्या घेऊन चाललेले.

"तात्या, या वर! समुद्र दाखवतो."

तात्यांचा सोमनाथ तेलाच्या जहाजावर इंजिनखोलीत कामाला. आमच्या गावातून समुद्रावर गेलेला तो एकटाच. म्हणून तर तात्यांनाच हाक मारली, इतका मी हुशार.

तात्या पडद्याजवळ वाकले. "हे काळं काय बे?"

"तेल सांडलंय."

"कुणाच्या जहाजाचं?"

"ते नाही कळत ह्याच्यात."

तात्या तसेच जिना उतरले. सोमनाथच्या आईनं, साखराकाकूंनी, त्या दिवशी चूल पेटवली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मग सोमनाथचा फोन आला, "बाबा, मी जेवतोय, काय झालं?" आणि मला पुण्याहून तेजश्री मॅडमचा. "सिदू, ते तेल नाही. तिथं वारा पडलाय. वारा नसला की पाणी सपाट होतं, तेही काळंच दिसतं." पुढं महिनाभर हॉटेलात चहा पिणं अवघड झालं. "सिदूशेठ, आज कुठं सांडलं?"

तात्या मात्र रुसले नाहीत. उलट आठवड्याला एकदा जिना चढून यायला लागले, हातात शेळीच्या दुधाचा तांब्या. "इवढ्या लांबचं बगतोस, डोळ्याला दूध पायजे." मग पडद्याकडं न बघता विचारायचे, "वारा का त्येल?" मी म्हणायचो, वारा. तात्या खिशातून फोन काढून तेवढंच सांगायचे, "वारा हाय गं." पलीकडून काकूंच्या भाकरी थापण्याचा आवाज यायचा. भांडं रिकामं परत द्यायचं नाही म्हणून आई तांब्यात कधी लिंबं, कधी मूठभर शेंगा घालून द्यायची. सोमनाथच्या जहाजाचं चित्र माझ्याकडं येतंय की नाही, हे तात्यांनी कधी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

उन्हाळ्यात सोमनाथचा फोन बंद झाला. ज्यानं त्याला जहाजावर लावलं तो एजंट म्हणाला, रेंज नसेल. मग एजंटचीच रेंज गेली.

आणि ते चित्र आलं. बारीक, लांब काळी पट्टी, कडा धारदार, आणि तिच्या टोकाला एक पांढरा ठिपका. वारा असा पडत नाही. मॅडमना पाठवलं. "शाब्बास! तेलच आहे. छान पकडलंस." विचारलं, जहाज कोणतं? म्हणाल्या, आपला ठावठिकाणा कळवणारं यंत्र त्या जहाजानं बंद करून ठेवलंय, नाव कळायला मार्ग नाही. त्यांनी पुढं कळवलं होतं. नोकरीतली पहिली शाबासकी, आणि ती कुठं ठेवावी कळेना.

तात्या आले. तांब्या टेबलावर ठेवला. "वारा का त्येल?"

एकदा वाटलं, वारा म्हणावं. तोंडातून निघालं, "तात्या, तेल आहे. सोमनाथचंच जहाज असं नाही. पण तेल आहे."

ते पडद्याकडं बघत राहिले. मग मोठ्यानं हसले. "मागं बी त्येलच म्हणलतास की बे! उगं म्हातारीला घाबरवलंस. वारा हाय त्यो. मला बी आता कळतंय थोडं."

"तात्या, ह्या वेळी मॅडमपण…"

"त्या मॅडमला बी दूध पाजाय पायजे."

फोन काढला. "वारा हाय गं." मग जिना उतरले. नेहमी धडाधड उतरणारा माणूस त्या दिवशी भिंतीला हात लावत, एकेका पायरीवर थांबत गेला. तांब्या टेबलावरच राहिला.

पुढचं चित्र यायला काही दिवस लागले. काळी पट्टी फाटून पसरलेली. पांढरा ठिपका नाही. ओढून नेलं, आपणहून गेलं की बुडालं, चित्र सांगत नाही. मॅडम म्हणाल्या, "आपलं काम इथपर्यंतच, सिदू." मी चित्र मोठं करून बघितलं. मोठं केलं की नुसते चौकोन दिसतात. माणूस त्या चौकोनांहून फार लहान.

तात्या आता वर येत नाहीत. शेळ्या खिडकीखालून जातात, त्यांच्या मागून तात्या, मान खाली. काकूंनी दोनदा निरोप धाडला, तांब्या राहिलाय म्हणावं.

आईनं त्यात शेंगा भरून दिल्या. मी तांब्या घेऊन त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. काकू दारात बसलेल्या दिसल्या. तांब्या हातात घेताना काकू शेंगांचं नाही, वारा का तेल तेच विचारणार होत्या.

मी तिथूनच मागं फिरलो, शेंगा येता येता खाल्ल्या. तांब्या अजून माझ्याकडंच आहे.