खळ पाजलेलं झाड

आईच्या तेराव्याला मी माझ्या थोरल्या भावाचा, अण्णाचा, दात पाडला. वीतभर उंचीच्या एका झाडापायी.

गडद हिरवी पानं, त्यांवर लाल शिरा. संध्याकाळ झाली की पानं उभी राहून एकमेकांना चिकटायची, हात जोडल्यासारखी. नर्सरीवाले त्याला मरांटा म्हणतात, आई नुसतं 'ते' म्हणायची. वडगावच्या आमच्या घरात, हातमागाखाली पाय सोडून बसायच्या खड्ड्याशेजारी, रंगाच्या जुन्या डब्यात तिनं ते कित्येक वर्षं सांभाळलं होतं.

त्या घरातून मी सोळाव्या वर्षी बाहेर पडलो. मागाच्या खोलीतली जमीन रोज सकाळी पाण्यानं शिंपायचं काम माझं. हवेत ओल राहिली तरच सूत टिकतं. एके दिवशी मी विसरलो. दुपारपर्यंत ताण्याचे, म्हणजे मागावर ताणलेले उभे, धागे पटापट तुटायला लागले. अण्णानं आडवा धागा ओवायचा हातातला धोटा फेकून मारला. त्याचं लोखंडी टोक माझ्या भुवईत घुसलं. आईनं आधी ताण्यावर उडालेलं रक्त पुसलं, मग माझं. ते मी विसरलेलो नाही.

उद्यमबागेतल्या कारखान्यांत आधी हमाली केली, मग जुन्या मोटारी आणि लेथ घेऊन विकायला लागलो. आज टिळकवाडीत फ्लॅट आहे. सौदा कसा करायचा हे मला कुणी शिकवायला नको. तेराव्यालाही मी आधी माग मागितला. अण्णा तो देणार नाही हे माहीत होतं. तो नाही म्हणाला की खाली उतरायचं आणि झाड पदरात पाडून घ्यायचं, असा बेत होता.

"माग पायजे? माझ्या मढ्यावरनं ने," अण्णा म्हणाला.

"बरं, ऱ्हाऊ दे माग. ते झाड दे."

तो हसला. "बाजार मांडायला आलास व्हय रं? आईच्या तेराव्याला? ते जगवायचं तुला काय कळतंय? जमीन शिंपायची अक्कल नव्हती तुला."

वहिनी मध्ये पडेपर्यंत माझी मूठ त्याच्या तोंडावर बसली होती. त्यानं माझा गळा धरून मला मागाच्या खांबावर आपटलं. मी त्याच्या मनगटाला चावलो. डबा उलटला, आणि दोघांच्या ओढाताणीत झाड मुळापासून मधोमध फाटलं. अण्णा रक्त थुंकत अर्धं झाड छातीशी धरून बसला. उरलेलं अर्धं घेऊन मी निघालो. पायात चपला नाहीत हे टिळकवाडीतला जिना चढताना कळलं.

अण्णानं त्याला अंधारात कोंडलं होतं, मी उजेड दाखवतो, असं म्हणत मी झाड चांगल्या कुंडीत लावलं आणि गॅलरीत भर उन्हात ठेवलं. आठ दिवसांत पानांच्या कडा जळून कागदासारख्या झाल्या. मी त्याच्यावर ओरडायचो. बायको म्हणायची, "अहो, झाडाला काय शिव्या देताय?"

मग विणकराच्या पोराला जे सुचायचं तेच सुचलं. कच्च्या सुताला आम्ही पिठाची खळ देतो. कांजीसारखी पातळ शिजवून ती कुंच्यानं ओढली की सूत ताठ होतं, चमकतं, ताण सोसतं. मी खळ शिजवली आणि एकेक पान दोन्ही बाजूंनी माखलं. दोन दिवस पानं काय चकाकली! तिसऱ्या दिवसापासून ती संध्याकाळी मिटेनात. मग बुरशी आली, मुंग्या आल्या, देठ काळे पडले.

मी कुंडी उचलून भिंतीवर फेकली. एक तुकडा उडून बायकोच्या घोट्यात घुसला. ती खाली बसली आणि फडक्यानं फरशीवरचं रक्त पुसायला लागली. आधी फरशी. मी ते फडकं तिच्या हातातून हिसकावलं आणि तिचा घोटा बांधला. मातीत शोधलं तर एकही हिरवं पान उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडगावला गेलो. अण्णा मागावर होता. शेजारच्या डब्यात त्याचं अर्धं झाड काठाबाहेर पसरलं होतं. खालची जमीन नुकती शिंपलेली, ओली.

"मेलं न्हवं?" त्यानं वर न बघताच विचारलं.

मी खळीचं सांगितलं. त्याचा माग थांबला. "सुताला खळ देत्यात रं गाढवा, पानाला न्हाय! त्याला श्वास घ्यायचा असतोय." तो खड्ड्यातून वर आला आणि त्यानं माझ्या मुस्काटात दिली. कानात शिट्टी वाजली. माझी मूठ वळली. त्याच्या तोंडातली मोकळी जागा दिसली. मी मूठ तशीच धरून उभा राहिलो.

त्यानं कात्री घेतली, पेराच्या खाली एक फांदी कापली आणि माझ्यापुढे धरली. "उन्हात ठेवशील तर दुसरी मागाय येऊ नगोस."

"दोन दे," मी म्हणालो.

"भाड्या, सवय जात न्हाय तुझी," म्हणत त्यानं दुसरी कापली.

पेल्यातल्या पाण्यात दोन्ही फांद्यांना पांढरी मुळं फुटली, तेव्हा त्या पसरट कुंडीत लावल्या. कुंडी आता आतल्या खोलीत असते, उन्हापासून लांब. रोज सकाळी मी भोवतालच्या फरशीवर पाणी शिंपतो. बायको घसरून पडण्याच्या भीतीनं कुरकुरते. भुवईवरचा व्रण हाताला लागतो तेव्हा अजून रक्त तापतं. काल पहिल्यांदा पानं संध्याकाळी मिटली. अण्णाला मी अजून कळवलेलं नाही.