डावा हात खिशात

काकूंच्या जिवाला एकच घोर होता: काकांचा डावा हात.

काकांना सगळी गल्ली 'मीटरकाका' म्हणायची. जन्म गेला रेडिओच्या कारखान्यात, तपासणी खात्यात. निवृत्त होताना लोक घड्याळ आणतात. यांनी काय आणलं, तर भंगारात निघालेला ऑसिलोस्कोप! पडद्यावर हिरवी रेघ नाचवणारं हे मोठं धूड. दर महिन्याला त्याचं झाकण उघडायचं, धूळ झटकायची, स्विच पुसायचे, वीज साठवणारा एखादा कपॅसिटर फुगलाय का ते बघायचं. "बिघडल्यावर कुणीही दुरुस्त करेल, बिघडूच कशाला द्यायचं?" हा त्यांचा तोरा.

प्लग काढला तरी आत वीज दबा धरून बसलेली असते, हे काकूंना ऐकून ऐकून पाठ झालं होतं. दोन्ही हात घातले तर झटका थेट छातीतून जातो. म्हणून काका उजवाच हात आत घालत, डावा खिशात.

आता काकांना विसर पडू लागला होता. चहा झाल्याचा, स्वतःच्या वयाचा, मुलाच्या नावाचासुद्धा. मुलगा फोनवर ओरडायचा, "आई, ते डबडं देऊन टाक कुणाला तरी!" पण ते गेलं की माणूसच खचेल, हे काकूंना पक्कं ठाऊक. हात खिशात जातोय ना, मग बास.

पण त्याच खिशात काका वाटेल ते कोंबायचे. कवळी, भिजकी बिस्किटं, घराच्या किल्ल्या. गेल्या आठवड्यात किल्ल्या शोधता शोधता काकू रडकुंडीला आल्या आणि वैतागून त्यांनी सगळ्या पायजम्यांचे खिसे शिवून टाकले. कुठून ही बुद्धी झाली कोण जाणे!

आज झाकण निघालं. काकू दारातून बघत होत्या. काकांचा डावा हात कमरेशी गेला, चाचपडला, पुन्हा चाचपडला आणि उजव्याच्या जोडीनं आत निघाला.

"अहो, थांबा!" काकू ओरडल्या. धावत जाऊन त्यांनी मनगट धरलं.

"शिवू नका मला!" काका खेकसले.

काकूंनी तिथंच बसून शिवण दातांनी तोडली. हात खिशात गेला तसा काकांचा चेहरा निवळला. आतली वीज उतरवायची लाकडी मुठीची वायर त्यांनी आपणहून उचलली. मग काकूंकडे बघून अदबीनं म्हणाले, "बाई, जरा लांब उभ्या राहा. आणि आमच्या घरी बोलू नका हं. बायको फार घाबरते."

"नाही बोलत," काकू म्हणाल्या आणि लांब जाऊन उभ्या राहिल्या.