लाल पाणी कुणाच्या घरातलं

आमच्या बिल्डिंगमधल्या महादेवप्पांना रंगाबद्दल कुणी काही विचारू नये. विचारलं की तुमची सकाळ गेलीच म्हणून समजा. भाचीच्या बारशाला नेसायची साडी दाखवून मी एकदा म्हणाले, "अप्पा, हा मोरपंखी मला शोभतो का?" तर म्हणे, "ताई, ह्यो मोरपंखीच न्हाई. दुकानदारानं तुमाला गंडवलं की." मग खरा मोरपंखी कसा काढतात, त्यात निळा कितपत लागतो, सगळं ऐकून घ्यावं लागलं. ती साडी मी आजतागायत नेसलेले नाही.

अप्पांचा सगळा जन्म टॉवेलच्या कारखान्यात गेला, सूत रंगवण्यात. मूळचे अक्कलकोटकडचे. घरात बायकोशी, म्हणजे मायाक्कांशी, कन्नडमधून भांडतात आणि बाहेर सगळ्यांशी मराठीतून गोड बोलतात. एरवी इतका नमता माणूस की जिन्यात लहान पोर समोरून आलं तरी बाजूला होतील. पण रंगाचा विषय निघाला की मान ताठ. "माझा एक लॉट कदी माघारी आला न्हाई," हे वाक्य त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलंय, की मी ते झोपेतही म्हणून दाखवीन. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी पट्टी काढून विचारलं, "दिसतंय का?" हे म्हणाले, "दिसतंय, पन तुमच्या पडद्याचा रंग उडालाय."

गेल्या उन्हाळ्यात माझ्या स्वयंपाकघराचं छत गळायला लागलं. नळाला पाणी यायचं चार-पाच दिवसांनी, आणि छताला मात्र रोज. भाकरी थापताना परातीत थेंब पडायचा. मी कोर्टात कारकून आहे. दिवसभर लोकांचे बहाणे ऐकून डोकं आधीच तापलेलं असतं, त्यात घरी हे. मी आमचे सेक्रेटरी जोतिराम यांना घरी बोलावलं आणि ओट्यासमोर उभं केलं. म्हटलं, "चूक कुणाची ते ठरवा आणि त्याच्याकडून दुरुस्त करून घ्या. मला बाकी काही ऐकायचं नाही."

ठरवणं सोपं नव्हतं. माझ्या स्वयंपाकघराच्या वर दोन घरांची बाथरूम पाठीला पाठ लावून आहेत, मधली भिंत एकच. एक बाथरूम अप्पांचं, दुसरं सायराबानूंचं. सोसायटीचा नियम साधा: ज्याच्या घरातून गळतं, त्याने दुरुस्त करायचं. भाडेकरू असेल तर त्याच्या मालकाला कळवायचं.

सायराबानू भाडेकरू होत्या. नात समरा आणि त्या, दोघीच. घरी बसून चादरींच्या कडा शिवायच्या. मागे कुणीतरी मशीनच्या आवाजाची तक्रार केली, तेव्हा त्यांचा पुण्याचा मालक येऊन जिन्यात सगळ्यांदेखत बजावून गेला होता, "आणखी एक तक्रार आली तर घर खाली करायचं." हे घर मिळण्याआधी "तुम्हाला नाही देता येणार" हे त्यांनी किती दारांत ऐकलं होतं, ते आम्हाला ठाऊक होतं. समराची शाळा गल्लीच्या तोंडाशी, आणि तिचं ते दहावीचं वर्ष.

मला हे सगळं माहीत होतं. तरी परातीत थेंब पडला की मला फक्त थेंबच दिसायचा. खोटं कशाला सांगू?

तोड काढली ती अप्पांनीच. "दोनी घरात येगयेगळा रंग ओततो. खाली जो उतरंल त्याचं घर." जोतिराम खूश झाले. रविवारी सकाळी अप्पांनी दोन बादल्या कालवल्या, एक लाल, एक हिरवी. जोतिरामना सांगितलंसुद्धा, "लाल सायराबानूकडं, हिरवा माज्याकडं." मी पुरावा डोळ्यांनी बघायचा म्हणून अप्पांबरोबर वर गेले. सायराबानू मशीनवर होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण मशीन बंद होतं. अप्पांनी लाल बादली त्यांच्या बाथरूममध्ये ओतली. मग हिरवी स्वतःच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या छतावर लाल डाग होता. चांगला ताटाएवढा.

मी जोतिरामना हाक मारली. मागोमाग अप्पा आले. छताकडे बघत उभे राहिले, आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. मला वाटतं, रंग आपल्याच घरातून येणार असं त्यांनी मनाशी धरलं होतं. दुसरं काही निघेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"लाल म्हणजे सायराबानू," जोतिराम म्हणाले आणि मालकाला फोन लावायला त्यांनी मोबाईल काढला.

"न्हाई," अप्पा म्हणाले. "लाल माज्याकडं वतलाय."

"अहो, तुम्हीच काल सांगितलंत, लाल तिकडं म्हणून!"

"सांगितलं व्हय. वतताना गफलत झाली." अप्पांनी घसा खाकरला. "आता काय लपवायचं. ऑपरेशन झाल्यापास्नं मला लाल-हिरवं कळंना झालंय."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. माझ्या साडीतली खोट पाच पावलांवरून धरणारा हा माणूस!

जोतिराम माझ्याकडे वळले. "ताई, तुम्ही होतात की बरोबर. लाल कुठं ओतला?"

मी आयुष्यभर खोट्याची चीड बाळगून जगले. कोर्टात साक्षीदार फिरला की माझं डोकं फिरतं. अप्पा माझ्याकडे बघत नव्हते, छताकडेच बघत होते, आणि त्यांच्या हाताची बोटं धोतराचा काठ चोळत होती.

"मी कुठं बघितलं?" मी म्हणाले. "मी समराशी बोलत होते."

जोतिरामनी मोबाईल खिशात ठेवला.

पण अप्पांनी रंग असा तसा घातला नव्हता. कच्चा रंग त्यांच्या हातून झालाच नसता. त्यामुळे सायराबानूंची फरशी लालभडक झालेली, घासून जाईना. मी वर गेले तेव्हा त्या आणि समरा दोघी गुडघ्यांवर बसून घासत होत्या. मी घरातलं मोठं पायपुसणं आणून त्यावर टाकलं. पलीकडे अप्पांनी उरलेला लाल स्वतःच्या फरशीवर ओतून ठेवला, कुणी तपासायला आलं तर असावा म्हणून. हिरव्यावर लाल. मायाक्कांचा त्यावरचा कन्नड अभिप्राय तिन्ही मजल्यांना ऐकू गेला.

दुरुस्ती अप्पांच्या बाजूने झाली. प्लंबरने त्यांची भिंत फोडली आणि म्हणाला, "काका, फुटलेला पाइप पलीकडच्यांचा हाय."

"तू हितनं जोड की," अप्पा म्हणाले. "पाइपाला काय कळतंय कुनीकडनं जोडला त्ये."

त्या संध्याकाळी सायराबानू माझ्यासमोरच अप्पांच्या दारात आल्या. "अप्पा, आमच्यासाटी तुमी तुमचं नाव खराब केलं."

"गप बसा. पोरीची दहावी हाय," अप्पा म्हणाले, आणि जास्त बोलणं होऊ नये म्हणून आत जाऊन त्यांनी टीव्ही लावला.

माझं छत कोरडं झालं. मला वाटलं, प्रकरण मिटलं. पण ही बातमी अप्पांच्या जुन्या कारखान्यापर्यंत गेली. तिथले सोबती चहाच्या गाड्यावर त्यांना गाठून हातातला कप दाखवत, "अप्पा, ह्यो कंचा रंग?" अप्पा हसून सोडून देत. रंगाच्या विषयावर मान ताठ करणारा माणूस मान खाली घालून चहा प्यायचा. मला त्या सोबत्यांना चार शब्द सुनावावेसे वाटत, पण सुनावणार काय? खरं सांगितलं तर सगळंच मुसळ केरात.

दिवाळीआधी बिल्डिंग रंगवायची ठरली. खाली सगळे जमले. जोतिरामनी रंगांचं कार्ड काढलं आणि म्हणाले, "सगळ्यांना दाखवा, फक्त अप्पांना नको. हे हिरवी बिल्डिंग लाल करून ठेवतील!" सगळे खो खो हसले.

अप्पांनी हात पुढे करून कार्ड घेतलं. लांब धरलं, जवळ धरलं. मग त्यातल्या चक्क विटकरी रंगावर बोट ठेवून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मला विचारलं, "ताई, ह्यो हिरवाच न्हवं?"

पुन्हा हशा पिकला. कडेला सायराबानू समराचा हात धरून उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिथल्या तिथे अप्पांच्या पाया पडावं असं मला वाटलं. पण पडता येत नव्हतं.

"नाही अप्पा," मी म्हणाले, "विटकरी आहे."

"असंल, असंल," अप्पा म्हणाले, आणि कार्ड पुढच्याच्या हातात दिलं.