एकसारख्या दोन स्क्रीन

आमचं ऑफिस पनवेलला, एसटी स्टँडच्या मागे, एका झेरॉक्सच्या दुकानावर. मुलं मोठी होईपर्यंत घरी राहून मी पुन्हा प्रोग्रॅमिंगच्या नोकरीत शिरले, तेव्हा सोसायटीतल्या बायकांनी "आता जमणार का गं?" असं इतक्या गोडीनं विचारलं की माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नोकरी अजून कच्चीच होती. एक मोठी चूक झाली की घरी, हे मला पक्कं ठाऊक होतं.

आणि ती झालीच. एका डायलिसिस सेंटरच्या पेशंटांच्या सगळ्या वेळा मी उडवल्या. पुसायचा होता सरावाचा डेटा, पुसला गेला पेशंटांचा खरा डेटा. सरावाची आणि खरी, दोन्ही स्क्रीन काळ्याकुट्ट, नाव कोपऱ्यात मुंगीएवढं. शिवाय "नक्की करायचं?" हे ते सॉफ्टवेअर उठसूट विचारायचं, त्यामुळे बोट आपोआप "हो"वर जायचं. ते सॉफ्टवेअर आमच्या सरांनी स्वतः बनवलेलं. त्यांचा त्याच्यावर फार जीव.

डेटाची सकाळी घेतलेली प्रत शिल्लक होती, म्हणून वेळा लगेच परत आल्या आणि कुणाची पाळी चुकली नाही.

"एवढं साधं वाचता येत नाही, मॅडम?" सर कडाडले. मी पर्स आवरायला घेतली.

आमच्याकडे एक रीत आहे. चूक कुणाचीही असो, दुसऱ्यानं त्या खुर्चीत बसायचं आणि खोट्या डेटावर तेच काम तसंच करून बघायचं, सगळ्यांदेखत. त्या दिवशी सरच बसले.

"बघा, लक्ष असलं की काही होत नाही," ते म्हणाले. झकास चाललं होतं. मध्येच फोन वाजला. "हां, निघतोच," म्हणत त्यांनी "हो" दाबलं, आणि खरी म्हणून ठेवलेली यादी रिकामी झाली.

मला मेलं हसू फुटत होतं. ओठ चावून उभी राहिले.

सरांनी फोन बाजूला ठेवला. मग खुर्ची वळवून सगळ्यांना म्हणाले, "चूक मॅडमची नाही. मी बनवलेल्या स्क्रीनची आहे." लगेच कामाला लागून त्यांनी खरी स्क्रीन लालभडक केली. पुसण्याआधी सेंटरचं नाव टाईप करणं सक्तीचं केलं.

त्यांनी मला नुसतं माफ केलं असतं, तर मी कायम मान खाली घालून वावरले असते. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. निघताना मी विचारलं, "सर, उद्या येऊ ना?"

"म्हणजे काय? दुसऱ्या सेंटरचं काम कोण बघणार?"

मी रिक्षात बसले आणि घर येईपर्यंत मनसोक्त रडले.