बाबुआंचे रांजण

बाबुआ गुडघे टेकून जमिनीला कान लावायचे आणि हातानेच आम्हा सगळ्यांना गप्प करायचे. खाली, गळ्यापर्यंत मातीत पुरलेल्या रांजणात द्राक्षं आंबत असायची. वरून दिसायचं ते फक्त त्याचं गोल तोंड आणि लाकडी झाकण. वाइन चवीने ओळखणारे पुष्कळ असतील. बाबुआ ती आवाजावरून ओळखत. "अजून भांडतेय," म्हणायचे. नाहीतर, "आता दमली. परवापर्यंत निजेल."

जॉर्जियन भाषेत बाबुआ म्हणजे आजोबा. ते माझ्या मैत्रिणीचे, नीनोचे आजोबा. मी हैदराबादच्या काचीगुड्यातल्या मराठी घरातली. डॉक्टर व्हायला जॉर्जियात गेले, तिथे नीनो माझ्या वर्गात होती. सुट्टी मिळाली की ती मला तिच्या गावी न्यायची. पहिल्याच जेवणात बाबुआंनी विचारलं, "तुमच्याकडे द्राक्षं होतात का?" मी सांगितलं, आमच्या आजोबांची मेडचलकडे अनाबेशाहीची बाग होती, वर्षातून दोनदा छाटणी व्हायची. नीनोने भाषांतर केलं आणि बाबुआंचा घास हातातच राहिला.

"दोनदा? मग वेलीनं झोपायचं कधी?"

तेव्हापासून गावात माझी ओळख 'न झोपणाऱ्या वेलींच्या गावची पोर' अशीच झाली.

रांजणांच्या खोलीत शिरायचा त्यांचा एकच नियम होता. "चिखलाचे बूट चालतील, भांडण चालणार नाही." एकदा नीनो आणि तिची आई कशावरून तरी धुसफुसत आत आल्या, तर बाबुआंनी दोघींना अंगणात परत पाठवलं. ऐन तोडणीचे दिवस, द्राक्षांनी भरलेल्या टोपल्या तशाच पडलेल्या. पण दोघी हसेपर्यंत त्यांनी झाकणाला हात लावला नाही.

माझ्या चौथ्या वर्षी त्यांचे गुडघे गेले. तोडणीआधी रिकाम्या रांजणात उतरून तो आतून घासावा लागतो, आणि ते काम जन्मभर त्यांनीच केलेलं. नीनोचा भाऊ गिओ पोलंडमध्ये ट्रक चालवत होता. गावातला एक व्यापारी मळा मागत होता. तो दारात येऊन म्हणाला, "कशाला जीव आटवता? पुरून टाका ते रांजण."

"पुरलेलेच आहेत की," बाबुआ म्हणाले. तो हसत गेला. पण त्या संध्याकाळी बाबुआ जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, मी उतरते. त्या घरात त्या तोंडातून मावेल असं अंग माझंच होतं. बाबुआंनी आधी पेटती मेणबत्ती खाली सोडली, आतली हवा बरी आहे ना ते बघायला. मग माझ्या कमरेला दोर बांधला. "गात राहा. आवाज थांबला की वर ओढणार."

आत ओल, अंधार आणि हातात चेरीच्या सालीचा ब्रश. एक गाणं आठवेल तर शपथ! मी पाढे सुरू केले, आईने लहानपणी घोकून घेतलेले. अठरापर्यंत ठीक चाललं. एकोणीस सक अडलं, आणि मी आठवतेय तोवर कमरेला हिसका बसला. बाबुआ पांढरेफटक पडले होते. मी धडधाकट आहे हे पाहून त्यांनी माझं कपाळ चुंबलं, आणि पुढे गावभर सांगत सुटले, की यंदाचा रांजण भारतीय मंत्रांनी धुतलाय.

मी डॉक्टर होऊन हैदराबादला परतले. दोन वर्षांनी त्यांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन मी काम करते त्या दवाखान्यातच झालं. नीनो त्यांना घेऊन आली. जानेवारी होता, रांजण मेणामातीने बंद झाले होते. "वसंतात झाकणं उघडायचीत, त्याच्या आत मला परत पाठव," ही त्यांची एकच अट. दीड महिना ते आमच्या घरी राहिले. व्यायाम करून घेणारा तेलुगू मुलगा "मेल्लगा, मेल्लगा" म्हणायचा, म्हणजे सावकाश. तो शब्द त्यांनी उचलला. आई पोळी वाढायला धावली की तिलाही "मेल्लगा!"

बॅगेत थंड पेयाच्या बाटलीत घरची वाइन आणली होती. आई म्हणाली, "घरात देव आहेत." मी बाबुआंना ते चाचरत सांगितलं. बाबुआंना राग आला नाही. औषधं संपली त्या दिवशी ते वॉकर धरून गॅलरीत गेले आणि छोटा पेला हातात घेऊन बोलू लागले. आधी देवासाठी, मग गेलेल्यांसाठी. बोलणं संपेना.

"इतकं काय सांगताहेत?" आईने आतून विचारलं.

"आता तुझ्यासाठी मागताहेत. या घरच्या आईला आयुष्य दे म्हणून."

आई दारापर्यंत आली. "मग थंडीत बाहेर कशाला उभं केलंय त्यांना? आत बोलव."

अण्णांशी, म्हणजे माझ्या वडिलांशी, त्यांचं वेगळंच जमलं. अण्णा रेल्वेच्या ऑफिसातून निवृत्त झालेले, पण लहानपणी बागेत वाढलेले. इंग्रजी येणाऱ्या नीनोला मध्ये बसवून दोघं तासन्‌तास काडी, काडीवरचे डोळे म्हणजे कोंब फुटायच्या जागा, छाटणी यांवर बोलायचे. एकदा अण्णांनी त्यांना रिक्षाने मलकपेठेच्या बाजारात नेलं, अनाबेशाही दाखवायला. गाडेवाला म्हणाला, "वो अब कां मिलते साब, बरसां हो गए." अण्णांनी मग बोटांनीच द्राक्षाच्या मण्याचा आकार करून दाखवला. बाबुआंनी तो हातात घेतल्यासारखा करून तोंडात टाकला आणि मान डोलावली.

ते वसंताआधी परतले. झाकणं स्वतः उघडली. पुढच्या दोन तोडण्या स्वतःच्या पायांवर उभं राहून केल्या. गेल्या शरदात, दुसरी तोडणी आटोपल्यावर, झोपेतच गेले.

फेब्रुवारीत एका सकाळी गिओचा फोन आला. बाबुआंच्या मातीला आलेला तो पोलंडला परत गेलाच नव्हता. हातात कात्री घेऊन मळ्यात उभा होता. "भिंतीजवळच्या जुन्या वेलींवर बाबुआ किती डोळे ठेवायचे? इथे कोणालाच नक्की माहीत नाही. नीनो म्हणते, तुझ्या वडिलांना सांगितलं असेल."

मी अण्णांना विचारलं. त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "त्या म्हाताऱ्या वेली ना? जोमदार काडीवर आठ, नाजूक असेल तर पाच. आणि कापताना पाणी गळलं तर घाबरू नको म्हणावं."

मी ते गिओला इंग्रजीत सांगितलं. कात्रीचा आवाज आला. मग त्याने विचारलं, "तिकडे त्यांना करमलं होतं का?"

"सांग त्याला," अण्णा म्हणाले, "आमच्याकडे मजेत होते. पण रोज सकाळी उठले की आधी विचारायचे, आज गावाकडे थंडी किती आहे."

मी तसं सांगितलं. कात्रीचा आवाज थांबला.

"आज उणे तीन आहे," तो म्हणाला. "ऊन पडलंय."