कोठीवाल्यांचा अंगठा

दारूगोळ्याच्या कोठीत बावीस वर्षं काढल्यावर त्यांचं खरं नाव कोणाच्या तोंडी राहिलं नव्हतं. समोर सगळे त्यांना कोठीवाले म्हणत, पाठीमागे अंगठेबहाद्दर. सहीच्या जागी अंगठा उठवणाऱ्याला म्हणतात त्या अर्थाने नव्हे. त्यांचं अक्षर तर मोत्याच्या दाण्यासारखं होतं. हे नाव पडलं होतं ते त्यांच्या उजव्या अंगठ्याच्या कौतुकाने.

पोलिसांच्या शिक्षण केंद्रात चांदमारीच्या मैदानाला लागून ही कोठी होती. जाड भिंती, एकच दार, वर जाळीचे दोन झरोके. आत गोळ्यांचे पत्र्याचे डबे जमिनीला कधी टेकलेले दिसायचे नाहीत. खाली लाकडी फळ्या, आणि भिंतीपासून वीतभर अंतर, म्हणजे भिंतीची ओल डब्याला लागत नाही. झाकणाच्या आतली रबराची कड ते दर सोमवारी चाचपून पाहत आणि तडकली असेल तर बदलत. जुना माल आधी बाहेर, नवा मागे. एक डबा संपल्याशिवाय दुसऱ्याचं सील तोडायचं नाही, कारण उघड्या डब्यात दमट हवा शिरते. गोळीला तेलकट हात लावायचा नाही. दाराशी तापमानाची वही होती, तिच्यात सकाळी साडेसात आणि दुपारी दोन अशा दोन नोंदी. बावीस वर्षांत एकच दिवस चुकला होता, त्यांची आई गेली तो. त्या रकान्यातसुद्धा त्यांनी परत आल्यावर रेघ मारून सही केली होती.

गोळ्या पट्टीत लावलेल्या येत. पट्टी म्हणजे बोटभर लांबीची पत्र्याची पन्हळ, तिच्यात पाच गोळ्या बुडाकडून अडकवलेल्या. बंदुकीच्या मॅगझीनच्या तोंडाशी पट्टी उभी धरायची आणि वरच्या गोळीच्या बुडाजवळ अंगठ्याने एकच सरळ दाब द्यायचा. पाचही गोळ्या करकरत खाली उतरतात, रिकामी पट्टी हातात राहते. नवखा माणूस गोळीच्या मध्यावर दाबतो, मग गोळ्या तिरप्या होऊन अडकतात आणि त्याचा चेहरा पाहण्यासारखा होतो. कोठीवाल्यांच्या चार पट्ट्या, म्हणजे वीस गोळ्या, समोरच्याने नाव सांगून होईपर्यंत भरून तयार असत. आणि ते खाली बघतही नसत. समोरच्याशी बोलता बोलता अंगठा गोळ्यांच्या पाठीवरून फिरवायचे, पाच उंचवटे लागले की दाबायचे.

"डोळा फसतो," ते म्हणत. "अंगठा फसत नाही."

त्यामुळे केंद्रात एक रिवाजच पडून गेला होता. त्यांनी भरलेलं मॅगझीन कोणी मोजून घेत नसे. त्यांच्यासमोर मोजणं म्हणजे त्यांना तोंडावर खोटं पाडणं. वहीत वीस लिहिलेले असत, शिकाऊ पोलीस सही करत आणि मैदानाकडे निघत.

मात्र गेल्या वर्षभरात त्या अंगठ्यात जीव उरला नव्हता. साखरेचं दुखणं पायांतून हातांत आलं होतं. ते कळलं एका सकाळी स्वयंपाकघरात.

"अहो, जळकं कसलं येतंय?" बायकोने विचारलं, आणि वळून पाहिलं तर हे चहाच्या पातेल्याची तापलेली कड धरून निवांत उभे.

अंगठ्याला थंड पाणी लावता लावता ती म्हणाली, "साहेबांना सांगून टाका आता."

"काय सांगू? अंगठा मेला म्हणून? उद्याच किल्ल्या काढून घेतील आणि बसवतील कुठेतरी शिक्के मारायला. एकोणीस महिने राहिलेत. झाकली मूठ बरी."

"मुठीत अंगठाही येतो, एवढं ध्यानात ठेवा. निदान डोळ्यांनी मोजत जा."

"बावीस वर्षं न बघता भरणारा माणूस एकदम खाली बघायला लागला, की लोक विचारणार नाहीत का?"

"सुंभ जळाला तरी..." बायकोने म्हण अर्धीच ठेवली आणि मलम आणायला गेली.

त्यानंतर सहा महिने काही घडलं नाही, आणि काही घडत नाही तोवर माणूस स्वतःचंच खरं मानून चालतो.

गोष्ट घडली ती एका गुरुवारी. त्या दिवशी चोवीस जणांचा सराव होता, प्रत्येकी वीस गोळ्या. सातव्या जागेवर एक बत्तीस वर्षांची बाई होती. तिला सगळे सात नंबर म्हणत. मागच्या वर्षी पायाचं हाड मोडल्यामुळे तिचं शिक्षण अर्ध्यावर सुटलं होतं. वयाच्या अटीमुळे ही तिची दुसरी आणि शेवटची खेप होती. घरी पाच वर्षांची मुलगी, ती आजीजवळ.

सकाळी खिडकीशी आल्यावर ती म्हणाली, "काका, उडवलेल्या गोळीची एक रिकामी पुंगळी घरी नेता येते का हो? मुलगी म्हणते, तू खोटंच सांगतेस, बंदूक चालवतच नाहीस."

मागे उभ्या असलेल्या उस्तादांनी, म्हणजे नेमबाजी शिकवणाऱ्या हवालदारांनी, ते ऐकलं. "पुंगळी काय, तिचा वासही न्यायचा नाही. मुलीला म्हणावं, आई कानठळ्या बसलेली घरी येते, हाच पुरावा."

सगळे हसले. कोठीवाल्यांनीही हसत हसत, तिच्याकडे बघत, चार पट्ट्या दाबल्या. तिने सही केली.

साडेदहाला सराव संपला. प्रत्येकाच्या जागेवर पुंगळ्या अडवायला कापडाची झोळी असते. उस्तादांनी एकेक झोळी ओतून मोजली. सगळ्यांच्या वीस भरल्या, सात नंबरच्या एकोणीस.

"विसावी वाजलीच नाही," ती म्हणाली. "शेवटच्या पाचांत चारच उडाल्या. पाचवीला नुसता खटका आला."

"मग तेव्हाच हात का नाही वर केला?"

"मला वाटलं, माझीच मोजणी चुकली."

निशाणावर भोकं एकोणीस होती. उस्ताद म्हणाले, एखादा नेम चुकतोच. मग दोन तास मैदानावर शोध चालला. बागेचं दाताळं आणून गवत विंचरलं, जागेपुढची वाळू चाळली. तिचे बूट, मोजे, जेवणाचा डबा, सगळं बघितलं. डब्यातली भाजीसुद्धा एकाने चमच्याने बाजूला सारून पाहिली, तेव्हा ती इतकंच म्हणाली, "थंड आहे, खाऊन बघितलीत तरी चालेल."

पण सकाळचं पुंगळीचं बोलणं सगळ्यांनी ऐकलं होतं.

साहेबांनी कोठीवाल्यांना बोलावलं. "वीस दिल्या होत्या?"

"वीसच दिल्या."

"तुम्ही म्हणता म्हणजे वीसच." साहेबांनी पुढे काही विचारलं नाही. "चार वाजता कागद वर पाठवावा लागेल. त्याआधी सापडली तर ठीक. नाहीतर तिचं नाव कमी होईल."

कोठीवाले कोठीत परतले. खोटं बोलल्याचं त्यांच्या मनात नव्हतं. दोन वाजता त्यांनी तापमान लिहिलं. मग रिकाम्या पट्ट्या मोजल्या, शहाण्णव होत्या. त्या डब्यात टाकताना त्यांचा हात थांबला. त्यातल्या सात पट्ट्या वाकलेल्या, आधी एकदा वापरलेल्या होत्या. मागच्या आठवड्यात धुळीच्या वाऱ्यामुळे सराव मध्येच थांबला होता आणि पस्तीस गोळ्या सुट्या परत आल्या होत्या. त्या सुट्या गोळ्या त्यांनीच पुन्हा पट्ट्यांत लावल्या होत्या. हाताने, रबराच्या कडांबद्दल कारकुनाशी बोलत बोलत.

टेबलावर गोळ्या घरंगळू नयेत म्हणून जाड कापड अंथरलेलं असे. त्यांनी ते उचललं. भिंतीकडच्या बाजूला कापडाची कड दुमडलेली होती. त्या दुमडीत गोळी होती.

ती त्यांनी डाव्या हाताने उचलली. मग उजव्या हातात घेतली आणि अंगठा तिच्या पाठीवरून फिरवला. काही कळलं नाही. आहे की नाही, इतपतही कळलं नाही.

दोन वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. मैदानावर कोणी नव्हतं, सगळे जेवायला गेले होते. गोळी खिशात टाकून सातव्या जागेपर्यंत चालत गेलं तर दीडशे पावलं. वाळूत टाकायची, मग "अरे, ही काय" म्हणायचं. कागद थांबेल, तिचं नाव राहील, किल्ल्या राहतील. हा विचार त्यांनी केला नाही असं म्हणता येणार नाही. ते दारापर्यंत गेले होते. पण चाळून झालेल्या वाळूत सापडलेली जिवंत गोळी म्हणजे शिकाऊने लपवलेली आणि घाबरून टाकलेली, असाच अर्थ निघाला असता. तो अर्थ काढणारा पहिला माणूस ते स्वतःच असते. बावीस वर्षं त्यांनी शिकाऊंना तसंच ओळखलं होतं.

त्यांनी कोठीला कुलूप लावलं आणि साहेबांच्या खोलीत जाऊन गोळी टेबलावर ठेवली.

"कुठे मिळाली?"

"माझ्या टेबलावर, कापडाखाली. पट्टीत चारच लावल्या गेल्या. तिला एकोणीसच दिल्या मी."

उस्ताद तिथेच होते. ते म्हणाले, "तुमच्या हातून? छे. पोरीची दया आली तुम्हाला. ही वेगळीच गोळी आणलीत."

"कोठी मोजून घ्या. एकही जास्त नाही, एकही कमी नाही."

"तरी अंगठ्याने चार आणि पाच ओळखू नये तुम्ही?"

यावर कोठीवाल्यांनी डोळे मिटले आणि उजवा हात पुढे केला. "ठेवा पट्टी."

साहेबांनी खूण केल्यावर उस्तादांनी एक पट्टी ठेवली. कोठीवाल्यांनी अंगठा फिरवला. "पाच."

दुसरी ठेवली. "पाच."

तिसरी ठेवली. "पाच."

त्यांनी डोळे उघडले तेव्हा तळहातावर तीन गोळ्यांची पट्टी होती.

"कधीपासून?" साहेबांनी विचारलं.

"वर्ष झालं."

"आणि तुम्ही रोज न बघता भरत होता."

"हो."

साहेबांनी किल्ल्या मागितल्या नाहीत. कोठीवाल्यांनीच त्या काढून गोळीशेजारी ठेवल्या. चार वाजता कागद वर गेला, पण त्यावर नाव सात नंबरचं नव्हतं.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. "किल्ल्या गेल्या?"

"गेल्या."

"बरं झालं. त्यांच्या वजनाने फाटलेले खिसे शिवून शिवून माझी बोटं दुखायला लागली होती." मग थोड्या वेळाने म्हणाली, "जेवायला बसा. वाटी डाव्या हाताने धरा."

बारा दिवस त्यांना घरी बसवलं. मग हुकूम आला. डबे, फळ्या, तापमानाची वही आणि रबराच्या कडा त्यांच्याकडेच राहिल्या, कारण ते काम दुसऱ्या कोणाला येत नव्हतं. किल्ल्या आणि मोजणी दुसऱ्या हवालदाराकडे गेली. गर्दीच्या दिवशी कोठीवाल्यांनी मॅगझीन भरायचं, पण पट्टीकडे बघून, आणि घेणाऱ्याने प्रत्येक पट्टी मोठ्याने मोजल्याशिवाय सही करायची नाही. खिडकीवर तसा कागदही लागला. तो साहेबांच्या सांगण्यावरून कोठीवाल्यांनीच आपल्या अक्षरात लिहिला होता.

पहिल्या दिवशी रांगेतले सहाजण खिडकीशी येऊन घुटमळले. कागद वाचायचे, त्यांच्याकडे बघायचे, तोंडातल्या तोंडात "पाच, पाच" पुटपुटायचे आणि सही करायचे.

सातवी ती होती. तिने त्या दिवसाबद्दल काही काढलं नाही, आभारही मानले नाहीत. पहिली पट्टी त्यांच्या हातातून काढून घेतली, उजेडाकडे धरली आणि एकेका गोळीवर बोट ठेवत मोठ्याने मोजली. चारही पट्ट्या तशाच. मग चौथी परत उलटी करून पुन्हा मोजली.

मागून एकजण म्हणाला, "अगं, काकांना तरी..."

"तिला मोजू दे," कोठीवाले म्हणाले, आणि ती शेवटच्या गोळीवर येईपर्यंत पट्टीकडे बघत थांबले.